अर्धे सांगितलेले दुखणे

एका बाजारपेठेच्या गावात आबासाहेब नावाचे वृद्ध डॉक्टर होते. निरंजन हा तरुण डॉक्टर त्यांच्यापाशी शिकत होता. एकदा त्र्यंबकशेठ नावाचे धान्याचे व्यापारी त्यांच्याकडे आले. एरवी खणखणीत बोलणारा हा माणूस दार लोटून घेऊन हळूच म्हणाला, "डॉक्टर, बायकोजवळ गेलो की शरीर साथ देत नाही. ताठरता येत नाही. त्यावर गोळी मिळते ना? तेवढी लिहून द्या."

"दुसरं काही दुखणं? एखादं औषध चालू आहे?"

शेठनी हात झटकला. "छे! बाकी मी ठणठणीत."

"मग उद्या वहिनींना घेऊन या."

शेठ संतापले. "तिला यात कशाला ओढता?" म्हणत ते निघून गेले.

निरंजनला राहवले नाही. "सर, किती धीर करून आले होते ते! आता गोळी दुसरीकडून घेतील."

"त्याचीच भीती आहे," आबासाहेब म्हणाले आणि त्याच संध्याकाळी निरंजनला घेऊन स्वतः शेठच्या दुकानी गेले. एवढ्या मोठ्या माणसाने हात जोडून "गोळी आणू नका, उद्या दोघं या" म्हणावे, याचे निरंजनला नवल वाटले.

दुसऱ्या दिवशी दोघे आले. आबासाहेबांनी औषधांविषयी विचारताच शेठच्या पत्नी सरूबाई म्हणाल्या, "जिना चढताना यांच्या छातीत कळ येते. शहरातल्या डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली धरतात. कुणाला सांगू देत नाहीत."

निरंजनला आता सरांची भीती उमगली. ही जिभेखालची आणि शेठनी मागितलेली, अशा दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या असत्या, तर रक्तदाब एकाएकी कोसळून शेठ प्राणाला मुकले असते.

आबासाहेब शांतपणे म्हणाले, "शेठ, पुष्कळदा हृदयाचाच आजार आधी ताठरतेच्या तक्रारीतून दिसतो. यात लाजण्यासारखं काही नाही. निरंजन, लाजलेला माणूस अर्धंच दुखणं सांगतो. उरलेलं अर्धं हाती आल्याशिवाय वैद्यानं लेखणी उचलू नये."

सरूबाईंनी डोळे पुसले. "म्हणून दूर राहत होता होय! मला वाटलं, मीच नकोशी झाले."

शेठनी नकारार्थी मान हलवली. सरूबाई उठल्या. "चला, आधी छातीचं बघू. बाकीचं आपलं आपण बघू."

शेठच्या हृदयावर उपचार झाले. जिभेखालची गोळी सुटली आणि हृदयतज्ज्ञांनी होकार दिल्यावर आबासाहेबांनी शेठनी आधी मागितलेली गोळी बेताच्या मात्रेत लिहून दिली. ती घ्यायला दोघे मिळून आले होते.