हुंकाराचा कातळ

कांदळवाडीच्या किनाऱ्यावर दर्यात घुसलेला हा काळा कातळ. नारळी पौर्णिमेच्या आदल्या सांजेला गावच्या बाया इथे बसतात आणि एक कहाणी शेवटाकडून आरंभाकडे सांगतात. पाहुण्यांना हसू येते. म्हातारे राघोबा तांडेल त्यांना हसू देतात, मग विडी विझवून सांगू लागतात.

त्यांच्या आजोबांच्याही आधीची ही गोष्ट, असे सांगतात. गावात त्र्यंबकशास्त्री आरोसकर होते, पुद्दुचेरीला राहून फ्रेंच शिकलेले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर मस्यू केरवेल नावाचे एक पंडित कोळ्यांच्या गोष्टी गोळा करीत. ते तिकडच्या धाडत, शास्त्रीबुवा इकडच्या. तोंड कधी पाहिले नाही, पण माया सख्ख्या भावांची. 'दिवसा कहाणी सांगितली तर वाटेवरचा माणूस वाट चुकतो', ही इथली समजूतही शास्त्रीबुवांनी वळणदार अक्षरात कळवली होती. कळवली, पण मानली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातली गत.

एकदा मस्यूंचा ग्रंथ छापायला निघाला. दर्यात हरवलेल्याची कहाणी त्यांना तातडीने हवी होती, आणि ती एकट्या आवडू खवणेकरणीला येई. हरकारा दुपारीच टपाल घेऊन निघणार, म्हणून शास्त्रीबुवा सकाळीच तिच्या दारात हजर.

"दिवसाची कानी सांगूची नसता, शास्त्रीबुवा. माझो झील दर्यार गेलो हा."

"दार लाव, दिवो पेटव. झाली रात!"

शास्त्रीबुवांचा शब्द तिला मोडवेना. ती सांगत गेली, ते हुंकार देत लिहीत गेले. हरकारा गाठला.

त्या सांजेला वारा नव्हता, वादळ नव्हते. सगळी होडकी आली, आवडूच्या लेकाचे, भिवाचे तेवढे आले नाही. एक फळीसुद्धा सापडली नाही, म्हणे.

समजुतीवर शास्त्रीबुवांचा तेव्हाही विश्वास बसला नव्हता, असे म्हणतात. पण आवडूपुढे तो अविश्वास काय कामाचा? त्यांनी मस्यूंना लिहिले, तुमच्याकडे यावर उतारा असेल तर आधी कळवा. महिने गेले. टपालाच्या वेळेला आवडू रोज त्यांच्या ओटीखाली येऊन उभी राही. अखेर उत्तर आले. 'आमच्याही म्हाताऱ्या दिवसा गोष्ट सांगत नाहीत. उतारा साऱ्यांना विचारला, कुणालाच ठाऊक नाही. कहाणी मात्र फार सुंदर, ग्रंथात पहिलीच घातली आहे.'

शास्त्रीबुवांनी तिला वाचून दाखवले. शेवटचे वाक्य त्यांच्या तोंडून निघेना.

सांजेला आवडू या कातळावर बसली आणि दर्याकडे तोंड करून कहाणी उलटी सांगू लागली. कहाणी मागे फिरली तर माणूसही फिरेल, एवढेच तिला सुचले. शास्त्रीबुवा मागे बसून हुंकार देत राहिले. 'एक होतो तांडेल' हे आरंभीचे वाक्य शेवटी आले, तेव्हा तिने हात वर केला.

"ह्यो हुंकार तुमी देव नकात. ह्यो माझ्या भिवाचो."

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. ती असेपर्यंत ते रोज तिच्यामागे येऊन बसत. फ्रान्सला त्यांनी पुन्हा एक ओळ धाडली नाही.

आजही त्या सांजेला कहाणी उलटी चालते, पोरेबाळे हुंकार देतात. 'एक होतो तांडेल' म्हटले की सारे गप्प होतात आणि पाण्याकडे कान लावून बसतात. पाहुण्यांपैकी कोणी सवयीने 'हं' म्हणू लागला, तर राघोबा त्याच्या तोंडावर हात ठेवतात.