आरशावरची टिकली

फाटकाला घासून खानविलकर मास्तरांच्या गाडीचा डावा आरसा लोंबकळू लागला. काच शाबूत होती, तिच्यावरची लाल टिकलीही. प्रवासात डोळा लागण्याआधी त्यांची बायको कुमुद कपाळावरची टिकली काढून, खिडकीतून हात काढून तिथे चिकटवायची. ती वारल्यापासून मास्तर काच पुसताना तेवढी जागा सोडत.

"नुसतं कव्हर बदला, स्वस्तात होईल," ते शोरूममध्ये म्हणाले.

मॅनेजर हसला. "काका, डागडुजी आमच्याकडे नाही. अख्खा आरसा नवा घ्या. या गाडीतलं काहीही गेलं तरी आम्ही नवं देतो!"

"काहीही?"

"अगदी काहीही!"

मास्तरांनी टिकलीकडे बोट दाखवलं. "मग ही लावणारी द्या. डाव्या सीटवर बसायची."

मॅनेजरने मेकॅनिकला हाक मारली. "कव्हर तेवढं बदल. आणि काच पुसू नकोस."