हौसाक्काने नदीला हळद लावली

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या नदीवर पूल नव्हता आणि माणसांना एवढी घाईही नव्हती, तेव्हा सोनवळच्या घाटावर हौसाक्का नाव वल्हवायची. नवरा लवकर गेला, तशी त्याची नाव तिने हातात घेतली. भर वाऱ्यातसुद्धा तिच्या नावेत ठेवलेलं ताकाचं गाडगं हिंदकळायचं नाही, असं म्हणतात.

पल्याडच्या गावात हळदीचे मळे. तिकडच्या नवरदेवाला हळद लागली की उरलेली उष्टी हळद वाटीत घालून नावेतून इकडे नवरीकडे यायची. नाव हौसाक्काची, पण वाटी तिच्यापासून लांब. विधवेचा हात हळदीला लागू द्यायचा नाही, अशी तेव्हाची वेडी रीत. मला विचाराल तर ती रीतच नदीत बुडवायला हवी होती. थांबा, तेच झालं.

एका वैशाखात सोनवळच्या तुळसाचं लग्न निघालं. उष्टी हळद घेऊन दोन करवल्या नावेत बसल्या. नदीच्या मधोमध आल्या आणि वळवाचा वारा सुटला. हौसाक्काने नाव सावरली, करवल्या सावरल्या, पण वाटी पाण्यात गेली.

काठावर तुळसाचे थोरले चुलते आबाजी उभे होते. ते कडाडले, "उष्टी हळद बुडाली! अपशकुन झाला. लगीन मोडलं!"

मळे भरून हळद होती, पण नवरदेवाच्या अंगाची ती तेवढीच, आणि तो तर न्हाऊन मोकळा झाला होता. मांडवात तुळसा ओक्साबोक्शी रडायला लागली. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता हो.

तेवढ्यात हौसाक्का नावेतूनच ओरडली, "आबा, बुडाली कुठं? खाली बघा की!"

नदी पिवळी होत होती. आधी नावेभोवती, मग घाटापर्यंत, मग पार वळणापलीकडे. वाटीभर हळदीने अख्खी नदी पिवळीजर्द झाली, असं म्हणतात. खालच्या गावात आंघोळीला उतरलेले एक म्हातारबुवा पिवळेधमक होऊन घरी गेले, तर म्हातारी दारातच म्हणाली, "ह्या वयात कुठं बोहल्यावर चढून आलासा?" ज्यांच्या टाचांना भेगा होत्या, त्यांच्या भरून आल्या.

हौसाक्काने त्या पाण्याची घागर भरली आणि थेट मांडवात आली. तुळसाला म्हणाली, "पोरी, तुझ्या नवऱ्याचीच हळद हाय ही. पर घागर माझ्या हातची हाय. चालंल का?"

तुळसा डोळे पुसून पाटावर बसली. "आक्का, वत की लवकर! मुहूर्त टळंल न्हवं."

आक्काने घागर रिती केली. नवरी पिवळी झाली आणि हौसाक्काचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. ते पुढे कितीही धुतले तरी मरेपर्यंत पिवळेच राहिले, असं म्हणतात. आणि आबाजी? उडालेल्या पाण्याने त्यांचं धोतरही पिवळं झालं होतं. लग्न वाजतगाजत लागलं.

आता पूल झालाय, मोटारी धावतात. तरी सोनवळला उष्टी हळद अजून नावेतूनच येते. घाटावर हळदीचं पहिलं बोट नदीला लागतं. मग नवरीच्या घरात नाहीतर आळीत जी कोणी विधवा असेल तिला, आणि मग तिच्याच हाताने नवरीला. एखादी बाई अजूनही मागे सरते, म्हणते, "मला कशाला गं बाई?" तेव्हा आम्ही सगळ्या मिळून तिला विचारतो, "नदी न्हाई म्हणली व्हती का?"

मग ती हसते आणि गाल पुढे करते.