मोहटोल्याच्या तळ्यातला बांबू

मोहटोल्याच्या तळ्यात, काठापासून वीसेक हातांवर, कमरेएवढ्या पाण्यात एक बांबू रोवलेला दिसतो. त्याला ना झेंडा, ना शेंदूर. त्याच्या आसपास कोणी जाळं टाकत नाही. कुजला की गावचे मासेमार ढिवर नवा रोवतात. पाहुण्यानं विचारलंच, तर म्हातारे त्याला काठावर बसवून घेतात आणि सारजीची हकिगत सांगतात.

सारजी ही डोमा ढिवराची बायको. डोमाला एकच ध्यास लागला होता, अलखगीर महाराजांकडून गुरुमंत्र घ्यायचा. महाराज म्हणे मोठे सिद्धपुरुष. त्यांनी कपाळावर हात ठेवला की ताप उतरे. एका आषाढात ते या तळ्यावर स्नानाला उतरले. डोमानं पाण्यातच त्यांचे पाय धरले. तेवढ्यात दूरच्या गावच्या मालगुजाराची बैलगाडी त्यांना चातुर्मासासाठी न्यायला आली.

"इथंच उभा राहा," महाराज म्हणाले. "मी आलोच. आल्यावर कानात नाव देतो."

आणि गाडीत बसून गेले.

दिवस कलल्यावर सारजी नवऱ्याला शोधत आली. "चला ना जी घरी."

"महाराजांनी थांब म्हटलं हाये. ते आले अन् मी नसलो, तर?"

चार दिवस झाले, आठ झाले. गावानं समजावलं, रागावून पाहिलं. शेवटी सारजीनंच टेकायला म्हणून त्याच्या पाठीशी बांबू रोवला. रोज ती पाण्यात उतरून त्याला पेज भरवी. श्रावणात त्याच्या पायांची कातडी सुटली. जन्मभर ज्यांना पकडलं ते मासे आता त्याच्या पोटऱ्यांना लागले. "गुदगुल्या होतात," असं तो हसून सांगे. मग एक दिवस म्हणाला, आता काहीच कळत नाही. त्या दिवशी सारजी निघाली.

तीन दिवस चालून ती मालगुजाराच्या गावी पोचली. पुराण संपलं होतं, दर्शनाची रांग लागली होती. तिनं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडत सगळं सांगितलं. "तुमच्या शब्दापायी उभा हाये जी. नुसतं 'नीघ' म्हणा, मी निरोप नेतो."

महाराजांची नजर तिच्या मागच्या माणसावर होती. "हो, हो. सुखी राहा," ते म्हणाले आणि तिच्या हातावर बत्तासा ठेवला. शिष्यांनी तिला दंडाला धरून पुढं सरकवलं. तो बत्तासा तिनं वाटेतल्या नाल्यात टाकला.

कार्तिकात चातुर्मास सुटला. महाराज परतीच्या वाटेवर तळ्याशी उतरले. पाण्यात बांबूला टेकलेला एक हाडांचा सापळा दोन्ही हात जोडत होता. डोमाचा चेहरा उजळलेला सारजीनं काठावरून पाहिला. चार महिन्यांत तो तसा हसला नव्हता.

महाराजांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि शिष्याला विचारलं, "कोण रे हा?"

पाण्यावरून आवाज लांब जातो. डोमानं तो ऐकला. त्याचे हात खाली आले, बांबूवरची पाठ सुटली आणि तो जागच्या जागी पाण्यात बसला. ढिवरांनी त्याला बाहेर आणलं, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. गुडघ्यांखाली मांसही नव्हतं.

एका म्हाताऱ्यानं महाराजांना आषाढातला त्यांचाच शब्द सांगितला. महाराजांना तेव्हा कुठं आठवलं. ते पुढं होऊन खाली बसले. प्रेताच्या कानाशी वाकले, पण मंत्र देताना शिष्याचं नाव घ्यावं लागतं. ते सारजीकडं वळले.

"बाई, याचं नाव काय?"

सारजीनं नवऱ्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "नाही सांगत जी."

त्यांनी हात जोडले. गावकऱ्यांपुढं पदर पसरावा तशी अंगावरची छाटी पसरली. कोणीही नाव सांगितलं नाही. पुढं दरवर्षी कार्तिकात ते येत, दारोदार तेच विचारत. अकरा वर्षं आले, असं सांगतात. बाराव्या वर्षी तळ्याच्या वाटेवरच त्यांनी देह ठेवला. नाव त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आजही मोहटोल्यात भगव्या वस्त्रातला माणूस आला, तर त्याचे पाय धुतात, पोटभर जेवू घालतात, अंगणात बाज टाकून देतात. निघताना तो आशीर्वादासाठी हात उचलतो आणि विचारतो, माय, नाव काय तुझं?

घरची बाई नमस्कार करते आणि म्हणते, "नाही सांगत जी."