वाऱ्याच्या बाजूची भिंत

फार वर्षांपूर्वी एका उघड्याबोडक्या डोंगरात तांबं सापडलं. ज्याला ते सापडलं, तो खाणवाला दूर देशातून बायकोला घेऊन पोटासाठी आला होता. त्याच्यामागून त्याच्या मुलखातली माणसं आली, खाणी खोदल्या गेल्या आणि डोंगराखाली एक गाव वसलं.

गाव कसलं, नुसती कापडाची पालं. खाणीतून निघालेल्या दगडांचे ढीग पडलेले असत, पण दगडावर दगड कोणी ठेवत नसे. परक्या मातीत भिंत घातली की आपल्या गावची वाट बुजते, अशी त्या लोकांची समजूत होती.

थंडीत उत्तरेचा वारा पालात शिरे. खाणवाल्याची बायको खोकू लागली. तिनं घर मागितलं नाही. वाऱ्याच्या बाजूला तेवढी एक भिंत घाला, म्हणाली.

"पुढच्या साली आपण गावीच असू," तो म्हणाला.

"हे मागच्या सालीही म्हणाला होतात."

"भिंत घातली तर लोक म्हणतील, पहिला आला आणि पहिला रुतला."

"म्हणू देत. लोक काय वाऱ्याला आडवे येणार आहेत?"

शेजारच्या लोहारानं मात्र बायको बाळंत व्हायची म्हणून चक्क चार भिंती घातल्या. आता सोयरीकही इथलीच बघा, अशी लोकांनी टिंगल केली. लोहार म्हणाला, "वाट बुजली तर उकरून काढू. उकरायलाच तर आलोय ना सगळे?" त्यानं खाणवाल्यालाही मदत देऊ केली. खाणवाला नको म्हणाला.

त्याच थंडीत खाणवाल्याची बायको गेली.

जाळायला त्या डोंगरावर लाकूड नव्हतं. तिला उतारावर पुरलं. कोल्ह्यांनी माती उकरू नये म्हणून खाणवाल्यानं भोवती दगड रचायला घेतले. लोहार एकेक दगड हातात देत राहिला. दिवस मावळायच्या आत कंबरेएवढी भिंत उभी राहिली.

पुढे काही वर्षांनी तांबं संपलं. पालं उठली. लोहारानं बायकोला आणि लेकीला गाडीत बसवलं आणि तो खाणवाल्याकडे आला.

"चला दादा, गाडीत जागा आहे."

"तुम्ही जा," खाणवाला म्हणाला. "तिला इथं वाऱ्यात एकटीला टाकून मी कसा येऊ?"

गाडी खिंडीपलीकडे गेली. मग तो उतारावर जाऊन बसला.

तात्पर्य एवढंच: मुक्काम चार दिवसांचा असला, तरी आपल्या माणसाचा आडोसा उद्यावर टाकू नये.