चोवीस शब्द

"…मग गेलेली वाचा परत आणायचा काही मंत्र आहे की नाही तुमच्याकडे?"

हेरंब देसाई उभ्यानेच विचारत होता. टेकडीवरच्या दर्ग्यात येताना त्याने चपला बाहेर काढल्या होत्या, तोरा काढला नव्हता.

लतीफबाबा मेथी निवडत बसले होते. "कुणाची वाचा?"

"वडिलांची. अण्णांना पक्षाघात झालाय."

"बस."

हेरंब बसला. खिशातून अंगठ्याएवढं यंत्र काढून त्याने बाबांपुढे ठेवलं. "माझी सगळी कमाई क्रिप्टोत आहे. तिची किल्ली यात होती. बँकांवर भरवसा नाही माझा, म्हणून हे घेतलं. तीनदा चुकीचा पिन पडला, की हे आतलं सगळं पुसून टाकतं. चोरासाठी केलेली सोय."

"चोर आला होता?"

"…नाही. मीच. पिन बदलला होता आणि जुनाच दाबत राहिलो."

"म्हणजे पैसे बुडाले."

"बुडाले कुठे? रोज स्क्रीनवर दिसतात! हात लावता येत नाही. यंत्र घेताना किल्लीची नक्कल म्हणून चोवीस इंग्रजी शब्द मिळाले होते; ते नव्या यंत्रात ओळीने भरले, तरच मिळतील."

"लिहून नाही ठेवलेस?"

"कागद कुणाच्याही हाती लागतो. अण्णांचं पाठांतर दांडगं, त्यांच्याकडून घोकून घेतले. रोज सकाळी मला म्हणून दाखवायचे, माझं लक्ष नसायचं."

"बायकोला का नाही सांगितलेस?"

"तिचा भाऊ भोचक आहे."

बाबा हसले नाहीत. हसण्यासारखं नव्हतंच. म्हातारपणी त्या माणसाने अर्थ न कळणारे शब्द मुलासाठी रामरक्षेसारखे जपले होते, आणि मुलगा हे सगळं एखादं कपाट अडकल्यासारखं सांगत होता. ऐकणाऱ्याला चीड यावी असंच ते होतं.

"अगदीच बोलत नाहीत?"

"एवढंच उरलंय… मी खोलीत गेलो की विचारतात, 'जेवलास का?' पुन्हा पुन्हा तेच."

"तू काय म्हणतोस?"

"…मी म्हणतो, शब्द आठवा."

बाबांचे हात थांबले.

"बाबा… मंत्र?"

बाबांनी यंत्र उचललं, हेरंबच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ मिटली.

"घरी जा. आता विचारलं, की सांग, 'जेवलो, अण्णा.'"

"मग शब्द आठवतील त्यांना?"

"नाही. मग ते विचारायचे थांबतील."