ठकू नावाडणीची तहानलेली नाव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, या नदीवर पूल नव्हता तेव्हाची. आपल्या उतारवाडीत ठकू नावाची नावाडीण होती. नवरा गेला आणि वल्हं तिच्या हाती आलं. ती लाकडाशी बोलायची, असं म्हणतात.

उन्हाळ्यात नदी गुडघाभर असायची. नाव काठावर पालथी पडून राही, आणि उन्हानं फळ्या इतक्या आक्रसत की फटींतून आरपार दिसे. मधल्या बेटावर लोक झोपड्या घालून कलिंगडं लावायचे. त्या साली ठकूची लेक वेणू तान्ह्या पोराला घेऊन तिथंच राहिली होती. तिचा नवरा येसबा पोहे न्यायला गावात आला, आणि तेवढ्यात भर दुपारी नदी फुगली. इथं आभाळ कोरडं ठणठणीत, पाऊस कोसळला होता वर डोंगरात.

येसबा पोह्यांची पिशवी घेऊन तसाच काठाकडं धावला. "आत्या, चला! नाव ढकला!"

ठकूनं नाव पाण्यात ढकलली, काठच्या करंजाच्या झाडाला दोरानं बांधली, आणि तिच्यात दगड भरायला लागली. नाव बुडाली.

"म्हातारी खुळावली!" लोक ओरडले. येसबानं तर वल्हंच उगारलं. "आत्या, माजं लेकरू हाय तिकडं!"

"माजी लेक बी हाय, जावईबापू. पर नाव तहानलेली हाय. आत्ता नेली तर मधी धारंत पानी पिईल आन् समद्यांना घिऊन बुडंल. आदी हितं पिऊ द्या."

ती बुडालेल्या नावेत गळ्याइतक्या पाण्यात जाऊन बसली. पलीकडं झोपड्यांचे उंबरे बुडाले, मग कूड बुडाले. सगळे बेटाच्या उंचवट्यावर चढले. पाणी तिथंही आलं, तसं वेणूनं पोर डोक्यावर धरलं. येसबा रडत विचारी, "झालं का?" ठकू पाण्यात बुडी मारून फळीला कान लावी आणि वर येऊन म्हणे, "न्हाई अजून." लेकीकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. काय काळीज असेल त्या बाईचं!

अखेर फळ्या पाणी पिऊन फुगल्या आणि एकमेकींना भिडल्या. तेव्हा लाकडातून असा हुंकार निघाला की पैलतीरावरची गुरं दचकून उभी राहिली, असं म्हणतात. दगड काढले, पाणी उपसलं. तरी एक फट राहिलीच होती. ठकूनं येसबाच्या पिशवीतले पोहे फडक्यात गच्च बांधून तिच्यात कोंबले. पोहे भिजून फुगले आणि फट बुजली.

मग तिनं वल्हं मारलं. नदी दुभंगली आणि तिनं नावेला वाट दिली, असं म्हणतात. बेटावरचं एकूण एक माणूस कोरड्या नावेत बसून आलं. वल्हं उगारलेल्या येसबाला मान वर करवेना. ठकूनं पोर त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धरा."

आता पूल झालाय, नावेला कुणी विचारत नाही. तरी दर उन्हाळ्याच्या शेवटी आपण ती दगड घालून बुडवतो आणि गावच्या सगळ्यात नव्या जावयाला तिच्यात बसवतो. काठावरून सगळे ओरडतात, "झालं का?" त्यानं फळीला कान लावून म्हणायचं असतं, "न्हाई अजून." त्या वर्षी जन्मलेली लेकरं डोक्यावर धरून आया काठावर उभ्या असतात. हात भरून येतात, पोरं रडतात. पण "भागली तहान" असा नावेतून जावयाचा आवाज आल्याशिवाय एकही आई आपलं लेकरू खाली घेत नाही.